मधुमेह-नियंत्रणाच्या साधनांची निवड : परीक्षानळीपासून डिजिटल उपकरणांपर्यंत (एक ऐतिहासिक मागोवा)

सारांश :
मधुमेहाच्या व्यवस्थापनासाठी आज ग्लुकोमीटर, शरीरावर बसविण्याचे सेन्सर, मोबाइल अ‍ॅप अशी अनेक डिजिटल साधने उपलब्ध आहेत. त्यांची निवड हा केवळ तंत्रज्ञानाचा किंवा खरेदीचा प्रश्न मानला जातो. प्रस्तुत निबंधात या साधनांच्या इतिहासाचा मागोवा घेऊन असे प्रतिपादन केले आहे की, मोजमाप कोणी करायचे आणि त्यावर निर्णय कोणी घ्यायचा, हा अधिकाराचा प्रश्न प्रत्येक नव्या साधनाबरोबर उभा राहिला. या इतिहासातून साधनांच्या निवडीचे काही निकष हाती लागतात.

बीजसंज्ञा : मधुमेह, रक्तशर्करा, स्वयंमापन, डिजिटल आरोग्य, वैद्यकाचा इतिहास.

प्रस्तावना :
मधुमेह हा आयुष्यभर सोबत राहणारा आजार आहे. रुग्ण वर्षभरात फार तर काही तास वैद्यांच्या समोर असतो. उरलेल्या काळात काय खावे, किती चालावे, इन्सुलिनची मात्रा किती घ्यावी, हे निर्णय त्याला किंवा त्याच्या घरच्यांना घ्यावे लागतात. इतर अनेक व्याधींत मोजमाप हे वैद्याचे काम असते. मधुमेहात मात्र ते हळूहळू रुग्णाच्या दिनक्रमाचा भाग बनले. या बदलाला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. एवढ्या मोठ्या संख्येच्या संदर्भात साधनांच्या निवडीचा प्रश्न व्यक्तिगत राहत नाही. त्याला सामाजिक आणि आर्थिक बाजू प्राप्त होते. म्हणूनच या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहणे उपयुक्त ठरते.

लघवीतील साखर : प्रयोगशाळेतून घराकडे
चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिलेले असून मधुमेह हा त्यांपैकी एक आहे. लघवीचा गोडवा आणि तिच्याकडे मुंग्या आकर्षित होणे ही लक्षणे भारतीय वैद्यांना परिचित होती. युरोपात थॉमस विलिस याने सतराव्या शतकात लघवीच्या गोड चवीची नोंद केली. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन याने लघवी आटवून उरणारा पदार्थ साखर असल्याचे दाखवून दिले. हर्मन फेलिंग (१८४८) आणि स्टॅन्ले बेनेडिक्ट (१९०८) यांच्या ताम्रयुक्त द्रावणांमुळे ही परीक्षा चवीवरून रंगावर आली. बेनेडिक्टच्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते तापविले की निळा रंग साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी आणि अखेरीस विटकरी होतो. महाविद्यालयीन रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग आजही केला जातो.

१९२१ मध्ये टोरोंटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिओड आणि कॉलिप यांच्या प्रयत्नांतून इन्सुलिनचा शोध लागला. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. या शोधामुळे मोजमापाचे स्वरूपच पालटले. इन्सुलिनपूर्व काळात परीक्षेचा उपयोग मुख्यतः निदान आणि आहारनियंत्रण यांसाठी होता. इन्सुलिन आल्यावर मात्रा ठरविण्यासाठी रोज मोजमाप आवश्यक झाले. मात्रा कमी पडली तर साखर वाढते आणि जास्त झाली तर ती धोकादायक पातळीपर्यंत घसरते. हे काम रोज इस्पितळात होणे अशक्य होते. बोस्टनचे इलियट जोस्लिन आणि लंडनचे आर. डी. लॉरेन्स यांनी रुग्णांनाच ही परीक्षा शिकविण्याचा आग्रह धरला. लॉरेन्स हे स्वतः मधुमेही होते. १९३४ मध्ये त्यांनी लेखक एच. जी. वेल्स यांच्यासमवेत ब्रिटिश मधुमेही संघटनेची स्थापना केली. स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी आणि निळ्या द्रावणाची बाटली या वस्तू अशा रीतीने मधुमेहींच्या घरात आल्या.

या साधनांत सुलभता आणण्याचे काम अमेरिकेतील माइल्स प्रयोगशाळेच्या एम्स विभागाने केले. १९४१ मध्ये आलेल्या क्लिनिटेस्ट या गोळीमुळे दिव्याची गरज उरली नाही, कारण ती द्रावणात टाकताच स्वतःच उष्णता निर्माण करीत असे. १९५६ मध्ये अल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याच्या संशोधनातून लघवीत बुडवून लगेच रंग दाखविणारी क्लिनिस्टिक्स ही पट्टी तयार झाली. तथापि, मूत्रपरीक्षेची मूलभूत मर्यादा या सुलभतेने दूर झाली नाही. रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. त्यामुळे लघवीत साखर नसणे याचा अर्थ रक्तातील साखर १६० आहे की ४०, हे समजत नसे. शिवाय लघवी मागील काही तासांची स्थिती सांगते, त्या क्षणाची नव्हे. साधन सोपे होणे आणि साधन योग्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा येथे प्रथम मिळतो.

रक्ताचा थेंब आणि अधिकाराचा प्रश्न
१९६५ मध्ये एम्स विभागानेच डेक्स्ट्रोस्टिक्स ही रक्तासाठीची पट्टी आणली. पट्टीवर रक्ताचा मोठा थेंब घेऊन एक मिनिट थांबायचे, नंतर तो पाण्याने धुऊन रंग छापील तक्त्याशी ताडून पाहायचा, अशी तिची पद्धत होती. रंगाचा अंदाज माणसागणिक बदलत असे. ही त्रुटी दूर करण्यासाठी अँटन क्लेमेन्स या अभियंत्याने परावर्तित प्रकाश मोजणारे यंत्र तयार केले. १९७० च्या सुमारास बाजारात आलेल्या या पहिल्या मीटरचे वजन एक किलोग्रॅमपेक्षा अधिक होते. ते डॉक्टरांचे दवाखाने आणि इस्पितळे यांच्यासाठीच होते. रुग्णाने ते घरी वापरावे, अशी कल्पना निर्मात्यांच्या मनात नव्हती.

रिचर्ड बर्नस्टाइन या अमेरिकन अभियंत्याची हकीकत या संदर्भात महत्त्वाची आहे. त्यांना बालवयापासून इन्सुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह होता. यंत्र रुग्णाला विकले जात नसल्याने त्यांनी ते डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावाने मागविले. दिवसातून अनेकदा रक्त तपासून त्यांनी आपला आहार आणि इन्सुलिनची मात्रा यांचा मेळ बसविला. आपले अनुभव त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठविले, परंतु ते स्वीकारले गेले नाहीत. अखेर मध्यमवयात त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले. येथे प्रश्न यंत्राच्या अचूकतेचा नव्हता. स्वतःच्या शरीराविषयीची माहिती रुग्णाने स्वतः मिळवावी काय आणि ती ज्ञान म्हणून स्वीकारली जावी काय, हा तो प्रश्न होता.

१९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात इंग्लंडमधील दोन स्वतंत्र गटांनी घरगुती रक्तशर्करा-मापनाविषयीचे अभ्यास प्रसिद्ध केले. सामान्य रुग्ण हे काम विश्वासार्ह रीतीने करू शकतात, असे त्यांतून दिसून आले. त्यानंतर स्वयंमापनाला वैद्यकीय मान्यता मिळू लागली. तांत्रिक प्रगतीही याच काळात झाली. लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या विकर-विद्युताग्राच्या कल्पनेवर पुढे ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्ड येथील संशोधकांनी काम केले. त्यातून १९८७ मध्ये पेनच्या आकाराचा एक्झॅक्टेक हा मीटर आला. त्यात रंगाऐवजी विद्युतप्रवाह मोजला जात असे. आज घरोघरी दिसणारा ग्लुकोमीटर याच कुळातील आहे.

पुराव्याचे दशक आणि त्याचा अर्थ
साधन हाती आले तरी त्याने रुग्णाचे कल्याण होते काय, याचे उत्तर बराच काळ उपलब्ध नव्हते. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रुग्णांवरील दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात वारंवार मापन आणि त्यानुसार इन्सुलिनची मात्रा ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी मोठ्या प्रमाणात टळते, हे त्याने सिद्ध केले. मात्र याच अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात साखर धोकादायकरीत्या घसरण्याच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचेही आढळले. लाभ आणि धोका एकाच साधनातून निर्माण होऊ शकतात, याची ही स्पष्ट नोंद होय.

या निष्कर्षांवरून प्रत्येक मधुमेहीला रोज रक्त तपासण्याचा सल्ला देणे कितपत योग्य, असा प्रश्न पुढे आला. इन्सुलिन न घेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींवर ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात (२००७) ४५३ रुग्ण होते, तर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील अभ्यासात (२०१७) ४५० रुग्ण होते. या दोन्ही अभ्यासांत नियमित स्वयंमापनामुळे वर्षभरानंतरच्या साखर-नियंत्रणात लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. कारण समजण्यासारखे आहे. इन्सुलिन घेणारी व्यक्ती आकडा पाहून मात्रा बदलू शकते. ठरावीक गोळी घेणाऱ्या व्यक्तीला त्या आकड्याचे काय करायचे हे कोणी शिकविले नसेल, तर आकडा वहीतच राहतो. भारतात पट्टीचा खर्च बहुधा रुग्णाच्याच खिशातून होत असल्याने या निष्कर्षाला येथे अधिक महत्त्व आहे.

सततचे मापन, मोबाइल आणि रुग्णांचा पुढाकार
१९९९ मध्ये अमेरिकेत सलग रक्तशर्करा-मापनाच्या पहिल्या यंत्रणेला मान्यता मिळाली. त्वचेखालच्या द्रवातील साखर मोजणारा हा सेन्सर सुमारे तीन दिवस चालत असे, परंतु त्याची माहिती रुग्णाला लगेच दिसत नसे. ती नंतर दवाखान्यात उतरवून घेतली जाई. म्हणजे १९७० च्या मीटरप्रमाणे येथेही आकडा आधी डॉक्टरांच्या हाती होता. पुढील काही वर्षांत तो रुग्णाला प्रत्यक्ष दिसू लागला. २०१४ मध्ये युरोपात चौदा दिवस चालणारा आणि बोटातून रक्त काढून जुळवणी करण्याची गरज नसलेला सेन्सर आला. त्यानंतर या तंत्राचा प्रसार झपाट्याने झाला.

या टप्प्यावरही रुग्ण आणि पालक यांनीच पुढचे पाऊल टाकले. २०१३ मध्ये जॉन कॉस्टिक या अमेरिकन सॉफ्टवेअर अभियंत्याने आपल्या लहान मुलाच्या सेन्सरमधील आकडे इंटरनेटवर नेण्याची सोय स्वतः तयार केली, जेणेकरून मुलगा शाळेत असताना कामाच्या ठिकाणाहून त्याची साखर पाहता येईल. यातून ‘नाइटस्काउट’ हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. सिअ‍ॅटल येथील डाना लुइस यांना झोपेत सेन्सरचा गजर ऐकू येत नसे. त्यावर उपाय शोधता शोधता त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिनची मात्रा आपोआप जुळवून घेणारी घरगुती यंत्रणा तयार केली आणि २०१५ मध्ये तिचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी नियामक संस्थेने सेन्सरचे आकडे दुसऱ्याच्या मोबाइलवर दाखविणाऱ्या अ‍ॅपला मान्यता दिली. सप्टेंबर २०१६ मध्ये मात्रा अंशतः आपोआप ठरविणाऱ्या पहिल्या व्यावसायिक यंत्रणेलाही मान्यता मिळाली. बर्नस्टाइन यांच्या एकाकी प्रयत्नांची जागा आता संघटित रुग्णसमूहाने घेतली होती.

या साधनांच्या उपयुक्ततेचे पुरावेही साचत आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिवसातून एकदोनदा दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन घेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या १७५ मधुमेहींचा समावेश होता. आठ महिन्यांनंतर सेन्सर वापरणाऱ्यांचे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे प्रमाण (एचबीएवनसी) ८.० टक्के, तर पट्टी वापरणाऱ्यांचे ८.४ टक्के होते. फरक आहे, परंतु तो माफक आहे. दुसरीकडे, त्वचा न टोचता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून सावध राहण्याचा इशारा अमेरिकी नियामक संस्थेला फेब्रुवारी २०२४ मध्ये द्यावा लागला. अशा कोणत्याही साधनाला तोपर्यंत त्या संस्थेने मान्यता दिलेली नव्हती.

भारतीय संदर्भ
भारतात १९४८ मध्ये मद्रासच्या स्टॅन्ले रुग्णालयात डॉ. एम. विश्वनाथन यांनी मधुमेहासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मुंबईत १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. या संस्थात्मक प्रयत्नांच्या पुढच्या काळात भारताने डिजिटल साधनांच्या बाबतीतही लक्षणीय भर घातली.

डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात केलेला व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३७ पुरुषांपैकी एका गटाला आहार-व्यायामाविषयीच्या नेहमीच्या सल्ल्याबरोबर साध्या मोबाइलवर नियमित लघुसंदेश पाठविण्यात आले. दोन वर्षांत संदेश मिळालेल्या गटात १८ टक्के, तर दुसऱ्या गटात २७ टक्के जणांना मधुमेह झाला. येथे सेन्सर नव्हता, स्मार्टफोनही आवश्यक नव्हता. समजेल असा, वेळेवर आलेला आणि व्यक्तीच्या मनःस्थितीला जुळणारा मजकूर एवढेच साधन होते. अत्याधुनिक साधन म्हणजेच परिणामकारक साधन, या समजुतीला हा अभ्यास छेद देतो.

दुसरा मुद्दा साधनांच्या पोटात दडलेल्या गृहीतकांचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ‘सडपातळ तरी मेदयुक्त’ शरीराचे वैशिष्ट्य जगापुढे मांडले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभार निर्देशांक (बीएमआय) २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. पाश्चात्त्य मोजपट्टीवर आधारलेले अ‍ॅप २४ निर्देशांक असलेल्या भारतीय माणसाला निर्धास्त करू शकते. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या शिफारशींनुसार मात्र अतिरिक्त वजनाची सीमा २३ पासून सुरू होते.

आहाराची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपबाबतही हेच घडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची घटकसारणी प्रसिद्ध केली, परंतु ती प्रामुख्याने कच्च्या पदार्थांची आहे. ज्वारीची भाकरी घराघरात वेगळ्या जाडीची असते, आमटीत गूळ किती हे घरातील चवीवर ठरते आणि उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीने साखर वाढते ती ‘उपवास’ या शब्दाने झाकली जाते. परदेशी खाद्यसूचीवर बेतलेल्या अ‍ॅपला या गोष्टी माहीत नसतात. भाषेचा प्रश्न याहून मूलभूत आहे. रात्री दोन वाजता इंग्रजीत आलेली धोक्याची सूचना ज्या घरात कोणाला वाचता येत नाही, त्या घरात गजर असूनही उपयोग होत नाही.

नियमनाच्या क्षेत्रातही काही पावले पडली आहेत. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाचे सॉफ्टवेअर हे उपकरणाच्या कायदेशीर व्याख्येत आले. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. रक्तशर्करेचे आकडे ही व्यक्तीच्या खाण्याची, झोपेची आणि आजाराची दैनंदिनी असते. नोकरी, विमा, विवाह अशा बाबींत तिचा गैरवापर होऊ शकतो, हे ध्यानात घेता या कायद्याचे महत्त्व स्पष्ट होते.

निवडीचे निकष : इतिहासाच्या आधारे
वरील विवेचनातून साधनांच्या निवडीसाठी पुढील निकष मांडता येतात.

१) आकड्यावरून कृती शक्य आहे काय? इन्सुलिन घेणारी व्यक्ती, गरोदरपणातील मधुमेह असलेली स्त्री किंवा साखर एकाएकी घसरण्याचा धोका असलेली वृद्ध व्यक्ती यांना वारंवार मापनाचा लाभ अधिक आहे. केवळ आहार किंवा ठरावीक गोळीवर असलेल्या व्यक्तीने किती वेळा तपासायचे आणि त्यावरून काय करायचे, हे डॉक्टरांशी आधी ठरवावे.

२) अचूकतेला प्रमाण आहे काय? २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लुकोमीटरची ९५ टक्के मापने १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखरेत १५ मिलिग्रॅमच्या आणि त्याहून अधिक साखरेत १५ टक्क्यांच्या फरकात असावी लागतात. या मानकाचा उल्लेख नसलेले साधन टाळणे इष्ट. परदेशातून आणलेल्या मीटरवर ‘मिलिमोल’ हे एकक असू शकते. त्या आकड्याला १८ ने गुणल्याशिवाय तो आपल्याकडील आकड्याशी जुळत नाही.

३) खर्च वर्षभर परवडेल काय? मीटरची किंमत एकदाच द्यावी लागते. पट्ट्या, सेन्सर आणि अ‍ॅपची वर्गणी यांचा खर्च चालूच राहतो. दोन महिन्यांत बंद पडणाऱ्या महागड्या साधनापेक्षा वर्षानुवर्षे वापरता येणारे साधे साधन श्रेयस्कर होय.

४) भाषा, आहार आणि शरीर यांविषयीची गृहीतके आपली आहेत काय? मराठीत सूचना देणारे, भारतीय निकष वापरणारे साधन केवळ सोयीचे नसते, ते अधिक सुरक्षितही असते.

५) माहितीची मालकी कोणाकडे? आकडे दुसऱ्या साधनात किंवा डॉक्टरांकडे नेता येतात काय, ते कोणाला दिले जातात आणि काढून टाकता येतात काय, हे वापरापूर्वी पाहावे.

निष्कर्ष :
मधुमेह-नियंत्रणाच्या साधनांचा इतिहास हा परीक्षानळी, पट्टी, मीटर, सेन्सर आणि मोबाइल असा सरळ प्रगतीचा आलेख नाही. प्रत्येक साधन प्रथम तज्ज्ञांच्या कक्षेत राहिले आणि नंतर रुग्णांच्या आग्रहाने घरात आले. १९६९-७० च्या सुमारास पत्नीच्या नावाने यंत्र मागविणारा अभियंता आणि २०१३ मध्ये मुलाच्या साखरेचे आकडे दूरवर नेणारा पिता हे एकाच प्रक्रियेचे दोन टप्पे आहेत. त्याचबरोबर, आकडा हाती आला म्हणजे नियंत्रण साधले असे नव्हे, हेही या इतिहासाने दाखविले आहे. इन्सुलिनच्या पहिल्या दशकात जोस्लिन आणि लॉरेन्स यांनी परीक्षानळीबरोबर शिक्षण दिले, म्हणून ती नळी उपयोगी ठरली.

भारतासारख्या देशात या शिक्षणाची जबाबदारी केवळ दवाखान्यांवर टाकता येणार नाही. महाविद्यालयांतील रसायनशास्त्र, गृहविज्ञान, संगणकशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांना यात वाटा उचलता येईल. स्थानिक आहाराच्या नोंदी तयार करणे, अ‍ॅपमधील मराठी मजकूर तपासणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत ग्लुकोमीटरचा योग्य वापर शिकविणे ही कामे महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहेत. साधन निवडताना ‘सर्वांत नवे कोणते’ याऐवजी ‘या माणसाला या आकड्याचे काय करता येईल’ हा प्रश्न आधी विचारला गेला, तर डिजिटल साधने मधुमेहींच्या स्वाधीनतेला खऱ्या अर्थाने उपकारक ठरतील.